त्रिकोण व चौकोन : बाजूंवरून मापन

सरळ रेषांनी बंदिस्त झालेल्या आकृतीच्या केवळ बाजूंच्या लांब्या दिल्या असता ती आकृती कोणत्या प्रकारची आहे व तिचे क्षेत्रफळ किती, हे ठरविण्याची रीत. त्रिकोणाच्या बाबतीत तीन बाजूंची मापे यासाठी पुरेशी असतात. चौकोनाच्या बाबतीत चार बाजूंची मापे पुरत नाहीत. हा भेद साधा असला, तरी जमिनीच्या मोजणीत त्याकडे दुर्लक्ष झाल्याने दीर्घकाळ चुकीची क्षेत्रफळे धरली गेली.

त्रिकोण : तीन लांब्यांपासून त्रिकोण होण्यासाठी कोणत्याही दोन लांब्यांची बेरीज तिसरीहून मोठी असावी लागते. ३, ६ व ९ या लांब्यांचा त्रिकोण होत नाही, कारण पहिल्या दोन बाजू तिसरीवर आडव्या पडतात. हे उदाहरण भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातील (११५०) असून अशा आकृतीचा अशक्यपणा सरळ काड्या मांडून दाखवावा, असे तेथे सुचविले आहे.

त्रिकोण होत असेल, तर सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग व उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज यांची तुलना करतात. दोन्ही समान असल्यास काटकोन त्रिकोण, मोठ्या बाजूचा वर्ग अधिक असल्यास विशालकोन त्रिकोण आणि कमी असल्यास लघुकोन त्रिकोण मिळतो. उदा., ३, ४, ५ यांचा त्रिकोण काटकोनी (९ + १६ = २५), तर १३, १४, १५ यांचा लघुकोनी आहे (१६९ + १९६ > २२५). पाया आखताना गवंडी दोरीवर ३, ४ व ५ अशी मापे घेऊन काटकोन साधतो, तो याच नियमाच्या आधारे.

त्रिकोणाच्या बाजू अ, ब, क आणि अर्धपरिमिती स = (अ + ब + क)/२ असल्यास,

क्षेत्रफळ = √[स (स − अ)(स − ब)(स − क)].

१३, १४, १५ या बाजूंसाठी स = २१; म्हणून क्षेत्रफळ = √(२१ × ८ × ७ × ६) = √७०५६ = ८४. हे सूत्र अलेक्झांड्रियाचे हेरॉन (इ. स. पहिले शतक) यांच्या नावाने ओळखले जाते. ते ज्या मेट्रिका ग्रंथात सिद्ध केले आहे, त्याचे हस्तलिखित १८९६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले.

चौकोन : बाजूंच्या टोकांशी खिळे मारून जोडलेली चार पट्ट्यांची चौकट हाताने कलती करता येते, तीन पट्ट्यांची चौकट मात्र हलत नाही. चार बाजू तशाच राहून चौकोनाचे कोन, कर्ण व क्षेत्रफळ बदलू शकतात. म्हणून समोरासमोरील बाजू समान असल्यास बहिर्वक्र चौकोन समांतरभुज आहे एवढेच कळते. तो आयत आहे की नाही, हे दोन्ही कर्ण समान आहेत का ते पाहूनच ठरते. दाराची चौकट गुण्यात आहे का हे पाहण्यासाठी सुतार दोन्ही कर्ण मोजतो. छपराच्या कैचीत तिरपे दांडे घालतात, तेही आकृतीचे त्रिकोण पाडून ती स्थिर करण्यासाठीच.

लीलावतीत याचे बोलके उदाहरण आहे. चारही बाजू २५ असलेल्या चौकोनाचा एक कर्ण ३० असेल, तर दुसरा ४० व क्षेत्रफळ ६०० येते. एक कर्ण १४ असेल, तर दुसरा ४८ व क्षेत्रफळ ३३६ होते. आणि कर्ण समान असल्यास आकृती चौरस होऊन क्षेत्रफळ ६२५ भरते. लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यास भास्कराचार्यांनी पिशाच म्हटले आहे आणि उत्तर देणाऱ्यास त्याहूनही पुढचा ठरविले आहे.

जुने नियम : ईजिप्तमधील एडफू येथील मंदिराच्या टॉलेमीकालीन कोरीव लेखांत शेतांची क्षेत्रफळे समोरासमोरील बाजूंच्या सरासरींचा गुणाकार करून दिली आहेत. चौकोनाच्या बाजू क्रमाने अ, ब, क, ड असल्यास या नियमाने क्षेत्रफळ [(अ + क)/२] × [(ब + ड)/२] येते. आयताखेरीज प्रत्येक चौकोनासाठी हे उत्तर खऱ्या क्षेत्रफळाहून अधिक असते. ब्रह्मगुप्तांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत या ग्रंथात (६२८) हा नियम स्थूल म्हणून सांगितला व सूक्ष्म क्षेत्रफळासाठी √[(स − अ)(स − ब)(स − क)(स − ड)] हे सूत्र दिले. येथे स ही चौकोनाची अर्धपरिमिती होय. चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतील, तरच हे सूत्र बिनचूक ठरते. इतर चौकोनांसाठी ते जास्त क्षेत्रफळ देते. दिलेल्या चार बाजूंच्या चौकोनांत चक्रीय चौकोनाचे क्षेत्रफळ सर्वांत मोठे असते, हे याचे कारण. समोरासमोरील कोनांची बेरीज विचारात घेऊन कोणत्याही चौकोनाला लागू पडणारे सूत्र १८४२ मध्ये जर्मन गणितज्ञ कार्ल आंटोन ब्रेटश्नायडर यांनी प्रसिद्ध केले.

व्यवहारातील मापन : एका शेताच्या बाजू क्रमाने ३९, ४२, २७ व ३६ मी. आहेत आणि पहिल्या दोन बाजूंना छेदून न जाता त्यांची मोकळी टोके जोडणारा कर्ण ४५ मी. आहे, असे समजू. या कर्णामुळे शेताचे दोन त्रिकोण पडतात. ३९, ४२, ४५ यांच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ७५६ चौ. मी. व २७, ३६, ४५ यांच्या काटकोन त्रिकोणाचे ४८६ चौ. मी. असून एकूण १,२४२ चौ. मी. होते. ब्रह्मगुप्तांच्या सूत्राने सुमारे १,२६६ व सरासरींच्या नियमाने १,२८७ चौ. मी. येते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट किंवा सुमारे १०१.१७ चौ. मी. असल्याने शेवटच्या उत्तरात जवळजवळ अर्ध्या गुंठ्याची वाढ होते. विक्री, वाटणी किंवा सारा यांसाठी असे क्षेत्रफळ धरल्यास नसलेल्या जमिनीचे पैसे कोणाला तरी द्यावे लागतात.

त्रिकोण पाडतानाही ते फार निमुळते नसावेत. बाजू १००, १०० व १९९ मी. असल्यास क्षेत्रफळ सुमारे ९९४ चौ. मी. येते, लांब बाजू चुकून १९९.५ मी. मोजली गेली, तर तेच सुमारे ७०५ चौ. मी. होते. अर्ध्या मीटरच्या चुकीने येथे चतुर्थांशाहून अधिक जमीन नाहीशी होते. यासाठी मोजणीत शक्यतो ३० अंशांहून लहान कोन नसलेले त्रिकोण निवडतात.

हीच रीत अधिक बाजूंच्या बहिर्वक्र आकृतींना लागू पडते. एका शिरोबिंदूतून काढलेल्या कर्णांनी पंचकोनाचे तीन व षट्कोनाचे चार त्रिकोण पडतात. त्यासाठी बाजूंखेरीज अनुक्रमे दोन व तीन कर्ण मोजावे लागतात. एक जादा कर्ण मोजून तो आराखड्याशी जुळतो का हे पाहिल्यास मोजणीतील चूक जागेवरच लक्षात येते.