बास्केटबॉलचा नियम सगळ्यांना सारखा असतो का?

हर्णेहून बोलतोय. आजचा विषय आहे बास्केटबॉल. आता तुम्ही म्हणाल, हर्णेत बास्केटबॉल कुठून आला? बरोबर आहे. आपल्याकडे पुळणीवर क्रिकेट आणि मैदानात कबड्डी. मी स्वतः हा खेळ बीटेकला असताना शिकलो, तोही हॉस्टेलमागच्या सिमेंटच्या कोर्टवर. पण विषय निवडायला एक कारण घडलं.

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीपलीकडच्या एका भाभींचा व्हॉइस मेसेज आला. त्यांची मुलगी आठवीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे, आणि चांगली खेळते. ती डोक्याला स्कार्फ बांधते. शाळेत कुणीतरी सांगितलं, "स्पर्धेत हे चालणार नाही, नियमच आहे." भाभींनी मला विचारलं, "तू कॉम्प्युटरवाला, शोधून सांग ना, खरंच असा नियम आहे का?"

थोडक्यात उत्तर असं: असा नियम होता, आता नाही. पण तो का होता आणि कसा बदलला, हे समजून घेतलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. म्हणून हा सगळा भाग त्यावरच.

हा खेळ जन्मला तोच श्रद्धेच्या घरात

"खेळात धर्म आणू नका" असं आपण सहज म्हणतो. बास्केटबॉलच्या बाबतीत गंमत अशी की हा खेळ निघालाच एका धार्मिक संस्थेतून. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएचं प्रशिक्षण विद्यालय होतं. वायएमसीए म्हणजे तरुण ख्रिश्चनांची संघटना. तिथले शिक्षक जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले होते. थंडीत पोरांना बंद हॉलमध्ये खेळता यावं, धसमुसळेपणा कमी व्हावा, म्हणून त्यांनी पीचच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. शरीर घडवता घडवता चारित्र्यही घडावं, हा त्यामागचा विचार.

मुंबईतही असाच धागा सापडतो. नागपाड्यात १९२७ साली 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू झालं. चालवणारी संस्था होती अमेरिकन मराठी मिशन आणि प्रमुख होते क्लिफर्ड मॅनशार्ट. आज ज्याला आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो, ती १९३६ साली त्याच इमारतीत सुरू झाली. नागपाडा म्हणजे मुसलमान, ज्यू, ख्रिश्चन, गिरणी कामगार अशी सगळी सरमिसळ वस्ती. याच भागातल्या कोर्टांवर पुढे एकामागून एक राष्ट्रीय खेळाडू घडले. भारताचे कर्णधार झालेले अब्बास मुंतसिर नागपाड्याचेच. त्यांना १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता बघा, मिशनने जिथे कामाची सुरुवात केली, त्या वस्तीतून एक मुसलमान मुलगा येतो आणि देशाचा कर्णधार होतो. इथे खेळाडूची श्रद्धा पुसली गेली नाही, आणि संस्थेची श्रद्धा त्याच्या आड आली नाही.

सारखेपणा आणि समन्याय

इथे दोन शब्द वेगळे करून घेऊ. समानता म्हणजे सगळ्यांना एकच वागणूक. समन्याय म्हणजे सगळ्यांना खेळण्याची खरी संधी मिळेल अशी व्यवस्था. दोन्हींत फरक आहे, आणि तो बास्केटबॉलने आधीच मान्य केलेला आहे.

रिंग पुरुषांनाही ३.०५ मीटरवर, महिलांनाही ३.०५ मीटरवर. पण चेंडू? पुरुषांचा सात नंबर, महिलांचा सहा नंबर, थोडा लहान. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये चेंडू पाच नंबर आणि रिंगही खाली, २.६० मीटरवर. यावर कुणी "लाड चाललेत" म्हणत नाही, कारण हाताचा पंजाच लहान असतो.

व्हीलचेअर बास्केटबॉल तर अजून पुढे जातो. तिथे प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेप्रमाणे १.० ते ४.५ गुण दिलेले असतात. कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज आंतरराष्ट्रीय सामन्यात १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे जास्त अपंगत्व असलेल्या खेळाडूला बाकावर बसवून ठेवणं कुठल्याच संघाला परवडत नाही. त्याला खेळवावंच लागतं. रिंग मात्र तीच, ३.०५ मीटरवर. कसोटी तीच ठेवून तिथपर्यंतची वाट सगळ्यांना खुली करायची, याला मी समन्याय म्हणतो.

याच्या उलटंही झालंय. सुरुवातीला बायकांसाठी कोर्टचे तीन भाग पाडले होते. खेळाडूने आपला भाग सोडायचा नाही, कारण बाईमाणसाला इतकं पळणं झेपणार नाही अशी समजूत. अमेरिकेच्या आयोवा राज्यात मुलींचा सहा-सहा जणींचा, अर्ध्याच कोर्टवर पळायचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. तेव्हा वेगळा नियम म्हणजे समन्यायच असं नाही. तो वाट मोकळी करतोय की कुंपण घालतोय, हे बघावं लागतं.

नियमाने कुणाचं नाव घेतलं नव्हतं

आता भाभींच्या प्रश्नाकडे येऊ. जागतिक संघटना म्हणजे फिबा. तिच्या नियमपुस्तिकेत ४.४.२ हे कलम होतं. डोक्यावरची आच्छादनं, केसांतले दागिने, अंगावरचे दागिने चालणार नाहीत, कारण दुसऱ्या खेळाडूला इजा होऊ शकते. त्यात हिजाब, पगडी, किप्पा यातला एकही शब्द नव्हता. कागदावर नियम सगळ्यांना सारखा.

आमच्या धंद्यात याची एक ओळखीची जात आहे. तुम्ही ऑनलाइन फॉर्म भरता, आणि 'आडनाव' रकाना भरल्याशिवाय तो पुढेच जात नाही. ज्याने लिहिला त्याला कुणालाच त्रास द्यायचा नव्हता. पण देशात कितीतरी लोक आडनाव लावत नाहीत, ते तिथे अडकतात. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस होता, त्याच्यासाठी फॉर्म बरोबर आहे. बाकीचे दाराबाहेर.

जुलै २०१४. चीनमधल्या वुहानला आशिया चषक चालू होता. भारताने तिथे यजमान चीनला हरवलं, जे त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्याच स्पर्धेत अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या आपल्या दोन शीख खेळाडूंना पगडी उतरवून खेळायला सांगण्यात आलं. दोघं उतरवून खेळले. सप्टेंबरमध्ये इंचॉनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि सामना सोडला. एकाच वर्षात, एकाच कलमाखाली दोन उत्तरं. मला कुणाचंच चूक वाटत नाही. पण खेळाडूसमोर 'देश की डोक्यावरचं कापड' असा प्रश्न टाकणारं कलम काय कामाचं?

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट बिल्किस अब्दुल-कादिर हिची. ती स्प्रिंगफील्डची, म्हणजे जिथे हा खेळ जन्मला त्याच गावची. शाळेत असताना तिने ३,०७० गुण करून मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम केला. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिल्या श्रेणीत हिजाब घालून खेळणारी ती पहिली. पुढे युरोपात व्यावसायिक म्हणून खेळायची इच्छा होती, तिथे फिबाचं कलम आडवं आलं. नियम बदलावा म्हणून ती वर्षानुवर्षं बोलत राहिली. बदलला तेव्हा उमेदीची वर्षं निघून गेली होती, आणि ती व्यावसायिक खेळाकडे परतली नाही.

बदल कसा झाला

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये फिबाने प्रायोगिक काळ ठरवला. ठरावीक स्पर्धांत आच्छादनाला परवानगी द्यायची आणि काय होतं ते बघायचं. मे २०१७ मध्ये हाँगकाँगच्या अधिवेशनात नवा नियम मंजूर झाला, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या अटी साध्या आहेत:

– रंग काळा, पांढरा किंवा संघाच्या पोशाखाच्या मुख्य रंगाचा. संघात जे कुणी घालतील त्या सगळ्यांचा एकच.
– चेहऱ्याचा कुठलाही भाग, म्हणजे डोळे, नाक, ओठ, झाकता कामा नये.
– घालणाऱ्याला किंवा इतरांना धोका नको.
– चेहऱ्याभोवती, मानेभोवती उघडझाप करणारं काही नको. थोडक्यात पिन, बक्कल, गाठ नको.
– पृष्ठभागावरून काही बाहेर आलेलं नको.

लक्षात घ्या, जुन्या नियमाचं कारण खोटं नव्हतं. टाचणी समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते. नव्या नियमाने ते कारण जपलं आणि मनाई नेमकी तेवढ्यापुरती आणली. कोणताही नियम तपासायला मी आता हेच तीन प्रश्न विचारतो. नियमाचं कारण काय? त्याचा भार कुणावर पडतो? कारण सांभाळून भार कमी करता येतो का?

फ्रान्समध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथल्या महासंघाने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या सगळ्या स्पर्धांत धार्मिक ओळख दाखवणारी आच्छादनं बंद केली. तिथे कारण इजा हे नाही, खेळाच्या मैदानावर धर्मनिरपेक्षता हवी, हे आहे. त्यांच्या देशात या विचाराला मोठा इतिहास आहे, तो समजून घ्यायला हवा. पण भार कुणावर पडला? जाबा कोनाते ही फ्रेंच खेळाडू अमेरिकेत हिजाब घालून कॉलेजचं बास्केटबॉल खेळू शकत होती, आणि स्वतःच्या देशात नाही.

आपल्याला न आवडणाऱ्या मूल्यांचं काय?

खरी परीक्षा इथे आहे. मार्च १९९६ मध्ये डेन्व्हरचा महमूद अब्दुल-रऊफ राष्ट्रगीताला उभा राहत नव्हता. त्याच्या मते तो झेंडा अन्यायाचंही प्रतीक होता, आणि असा मान देणं त्याच्या श्रद्धेत बसत नव्हतं. एनबीएने त्याला निलंबित केलं. एका सामन्यानंतर तोडगा निघाला: तो उभा राहील, पण मान खाली घालून प्रार्थना करेल. ३१ जुलै २०२० ला बरोबर उलटं झालं. वर्णद्वेषाच्या निषेधात बहुतेक सगळे गुडघा टेकून बसले होते, तेव्हा ऑरलँडोचा जोनाथन आयझॅक आपल्या ख्रिश्चन श्रद्धेचं कारण सांगून उभा राहिला. त्या वेळी लीगने कुणावरच कारवाई केली नाही.

आपल्यातले काही जण पहिल्याच्या बाजूने असतील, काही दुसऱ्याच्या. पण ज्याची बाजू आपल्याला पटत नाही, त्यालाही तीच मोकळीक द्यायला आपण तयार आहोत का? नसू, तर आपण तत्त्व नाही, आपला संघ सांभाळतोय.

हाच निकष घरातही लागतो. काही ऐकणारे विचारतील, मुलीला स्कार्फ नको असेल आणि घरचे लादत असतील तर? रास्त प्रश्न आहे. फिबाचा नियम परवानगी देतो, सक्ती करत नाही. बांधायचा की नाही, हे ठरवताना मुलीचं ऐकायला हवं. पण "एकतर काढ नाहीतर घरी बस" असं म्हटल्याने तिचं स्वातंत्र्य वाढत नाही. बहुतेक वेळा ती घरीच बसते.

आणि आपल्याकडे घरी बसणं महाग पडतं. शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी वर चढते. त्यावर दहावी-बारावीचे क्रीडागुण अवलंबून असतात. पुढे गुणवंत खेळाडूंना महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. महिला बास्केटबॉलमध्ये तर रेल्वेची नोकरी हाच अनेकींचा आधार. भारताची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनच खेळली. तेव्हा आठवीतल्या मुलीला चुकीचा नियम सांगितला, तर तिचा फक्त एक सामना जात नाही.

मग करायचं काय?

ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. एक, फिबाच्या चालू नियमपुस्तिकेतलं ४.४.२ कलम छापून घ्या. भारतात खेळ याच नियमांनी चालतो. दोन, स्पर्धेच्या दिवशी पंचांशी वाद घालू नका. आधीच मुख्याध्यापकांमार्फत आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तीन, टाचणीचा स्कार्फ नको. डोक्यावरून ओढून घालायचा, ताणला जाणारा, एका रंगाचा घ्या. शिवून घेतला तरी चालतो. चार, संघात अशा दोघी-तिघी असतील तर सगळ्यांचा रंग एक ठेवा.

आणि जे शिक्षक हे ऐकतायत त्यांना एक विनंती. "नियम आहे" असं म्हणण्याआधी तो कुठल्या साली छापलेला आहे, तेवढं बघा. २०१७ च्या आधीची पुस्तिका कपाटात असेल, तर ती बदलायची वेळ झाली आहे.

भाभींना मी कलमाचा फोटो आणि हा भाग, दोन्ही पाठवतोय. तुमच्याकडे खेळातला असा एखादा नियम असेल, जो कागदावर सगळ्यांना सारखा आहे पण अडतो मात्र ठरावीक मुलांनाच, तर कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया.