साइन (ज्या)

काटकोन त्रिकोणातील लघुकोनासमोरील बाजू व कर्ण यांच्या गुणोत्तरास त्या कोनाचे साइन किंवा ज्या म्हणतात. उदा., ३०° कोनाचे साइन १/२ आहे [→ त्रिकोणमिति]. साइन ही संज्ञा ‘सिनुस’ या लॅटिन शब्दावरून आली आहे. त्याचे मूळ अर्थ वळण, छातीवरील वस्त्राची घडी, उपसागर असे असून वैद्यकातील ‘सायनस’ (हाडातील पोकळी) हाही तोच शब्द होय. यांपैकी एकाही अर्थाचा त्रिकोणाशी संबंध नाही. साइनच्या नागमोडी आलेखावरून हे नाव पडले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु तो आलेख काढला जाण्यापूर्वी कित्येक शतके ही संज्ञा रूढ होती. तिचा उगम लॅटिनमध्ये नसून संस्कृतमध्ये आहे.

वर्तुळाच्या कंसास भारतीय गणितज्ञ चाप, म्हणजे धनुष्य, म्हणत. साहजिकच त्याची टोके जोडणारी रेषा ही धनुष्याची दोरी, अर्थात ज्या किंवा जीवा, ठरली. टॉलेमी (इ. स. दुसरे शतक) यांनी पूर्ण जीवांचे कोष्टक दिले होते. तथापि ज्योतिषगणितात वारंवार लागते ती दुप्पट चापाच्या जीवेची अर्धी लांबी. आर्यभट (जन्म ४७६) यांच्या आर्यभटीय (४९९) या ग्रंथात या अर्धज्यांचे कोष्टक २२५ कलांच्या अंतराने, फरकांच्या रूपात, दिलेले आहे. पुढे ‘अर्ध’ हे पद गळून नुसते ‘ज्या’ राहिले. ही ज्या गुणोत्तर नसून लांबी होती : ३,४३८ कलांच्या त्रिज्येस ३०° ची ज्या १,७१९ कला येते. तीन राशींची (९०° ची) ज्या वर्तुळाच्या अर्धव्यासाएवढी असते, म्हणून अर्धव्यासास ‘त्रिज्या’ म्हणतात.

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय ज्योतिषग्रंथ बगदादला पोहोचले. अरबीत ‘जीवा’चे ‘जीबा’ असे केवळ ध्वनीवरून रूपांतर झाले. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा दर्शवीत नाहीत. त्यामुळे हा अर्थहीन शब्द ‘जैब’ असा वाचला जाऊ लागला. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरील भाग (हिंदीतील ‘जेब’ त्यावरूनच आला). बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची भाषांतरे होताना त्यास ‘सिनुस’ हा लॅटिन प्रतिशब्द देण्यात आला. याचे श्रेय बहुधा क्रेमोनाचे जेरार्ड यांना देतात. पण त्याविषयी मतभेद आहेत. ही भाषांतरकाराची चूक म्हणणे मात्र फारसे न्याय्य नाही. समोर आलेल्या शब्दाचा अर्थ त्याने बरोबरच दिला. गफलत आधीच्या वाचनात झालेली होती.

कोटिज्येस एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये ‘को-सिनुस’ म्हटले; त्यावरून कोसाइन ही संज्ञा आली. लेनर्ड ऑयलर यांच्या १७४८ मधील ग्रंथानंतर साइनकडे लांबीऐवजी संख्यात्मक फलन म्हणून पाहणे रूढ झाले. संस्कृतात ज्या व जीवा हे समानार्थी शब्द आहेत. मराठी परिभाषेत मात्र वर्तुळाच्या पूर्ण जीवेस ‘जीवा’ आणि साइनला ‘ज्या’ अशी त्यांची वाटणी झाली आहे.