ऐकलेले आणि पटलेले

शेतीविषयक नवी माहिती गावात पोहोचली म्हणजे ती शेतात उतरलीच, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. अनुभव निराळा आहे. माहिती कानी पडणे ही एक पायरी, ती पटणे ही दुसरी. आणि या दोहोंच्या मध्ये शेजार, भावकी व ज्याची त्याची ऐपत उभी असते.

अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, याविषयीचा रायन व ग्रॉस यांचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या बियाण्याची पहिली वार्ता बहुतेकांना विक्रेत्यांकडून मिळाली होती. परंतु ते पेरण्याचा निश्चय पुष्कळांनी शेजाऱ्याच्या अनुभवावरून केला.

जालना जिल्ह्यातील कडवंची येथे हेच तत्त्व वेगळ्या रीतीने दिसते. तेथे १९९६ मध्ये इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोट विकासाचे काम सुरू झाले. वरच्या शेतात पाणी अडल्यावाचून खालच्या विहिरीस त्याचा लाभ होत नाही. म्हणून अशी माहिती एकट्यादुकट्यास देऊन भागत नाही, ती साऱ्या गावास पटावी लागते. १९८३ साली स्थापन झालेल्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन या गावास लाभले. पुढे शेततळी व द्राक्षबागा वाढल्या. बाग शेजारीच उभी असली की छाटणी, खर्च व तोटा यांविषयी विचारण्यास लांब जावे लागत नाही.

मात्र प्रत्येकास असे विचारता येतेच असे नाही. कापसाची वेचणी व निंदणी बहुतांशी स्त्रिया करतात. किडीची पहिली खूण त्यांच्याच दृष्टीस पडते. तरीही चावडीवरील चर्चेत त्यांचा आवाज क्वचितच उमटतो. अल्पभूधारकास शेततळ्याचा सल्ला समजतो, पण त्यासाठी जागा व पैसा आणावा कोठून? त्याचा नकार हे अज्ञान नव्हे, तो हिशेब असतो.

म्हणून मेळाव्यास किती जण आले याबरोबरच कोण आले नाही, हेही कृषी कर्मचाऱ्यांनी पाहावे. शेतकरी बंधुभगिनींनी भ्रमणध्वनीवर आलेला सल्ला कोणत्या जमिनीसाठी, किती पाण्यावर व किती खर्चाचा आहे, हे आधी विचारावे. आणि आपला फसलेला प्रयोगही शेजाऱ्यास मोकळेपणाने सांगावा. यशाची वार्ता आपोआप पसरते. अपयशाची दडून राहते, आणि तिची किंमत पुढच्या हंगामात दुसऱ्यास मोजावी लागते.