निवडकेंद्र आणि आपला पदवीधर

कळंबोलीच्या पोलाद बाजारात ज्याचे वडील काट्यावर माल मोजून देतात, अशा घरातली मुलगी आज पदवीधर होते आणि एखाद्या मोठ्या कंपनीकडे अर्ज करते. लेखी चाचणीत ती उत्तीर्ण होते. मग पत्र येते की, अमुक दिवशी सकाळी नऊ ते सायंकाळी पाचपर्यंत ‘असेसमेंट सेंटर’साठी हजर राहावे. मुलाखतच घ्यावयाची तर तिला दिवसभर कशाला अडकवून ठेवावे, असा प्रश्न आई विचारते. प्रश्न रास्त आहे. आणि पुष्कळदा त्याचे उत्तर मुलीलाही ठाऊक नसते.

असेसमेंट सेंटर हे स्थळाचे नव्हे, पद्धतीचे नाव आहे. आपण त्यास निवडकेंद्र म्हणू. येथे सहा-आठ उमेदवारांस एकत्र आणून एकामागून एक कामे देतात: गटाने चर्चा करावयाची, साचलेले टपाल निकालात काढावयाचे, रागावलेल्या ग्राहकाशी बोलावयाचे, शेवटी मुलाखत. एकाहून अधिक निरीक्षक, कोण काय करतो ते लिहून घेतात, आणि सर्व आटोपल्यावर एकत्र बसून आपापल्या नोंदी ताडून पाहतात.

ही पद्धत कंपन्यांच्या डोक्यातून निघालेली नाही, ती आली लष्करातून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी हवे होते. जुन्या रीतीप्रमाणे थोडा वेळ मुलाखत घ्यावयाची, घराणे व शाळा पाहावयाची आणि माणूस निवडावयाचा. असे निवडलेले पुष्कळ जण प्रशिक्षणात नापास होऊ लागले. तेव्हा 1942 मध्ये नवी निवडमंडळे निघाली. त्यांत विल्फ्रेड बायन या मनोवैद्याने ‘नायकाविना गट’ ही चाचणी रूढ केली. गटाला काम द्यावयाचे, पुढारी मात्र नेमावयाचा नाही. स्वतः उठून दिसण्याची इच्छा आणि सर्वांचे काम तडीस नेण्याची गरज, या दोहोंचा मेळ माणूस कसा घालतो, हे त्याला पाहावयाचे होते. 1943 मध्ये डेहराडूनला असेच प्रायोगिक मंडळ स्थापन झाले. उद्योगधंद्यांत ही पद्धत ठळकपणे आली ती 1956 पासून, अमेरिकेतील ए. टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीतल्या डग्लस ब्रे यांच्या अभ्यासातून.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाऊ पाहणारा मुलगा आजही सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डापुढे, म्हणजे याच पद्धतीपुढे, कित्येक दिवस उभा राहतो. साठ शब्द एकेक करून दाखवतात. प्रत्येकाला पंधरा सेकंद, तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहावयाचे. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देऊन गटाला अडथळा ओलांडावयास सांगतात. मानसशास्त्रज्ञ, गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी, हे तिघे अखेरच्या बैठकीपर्यंत आपली मते परस्परांस कळू देत नाहीत. पाठ केलेल्या शौर्यकथा येथे फार काळ टिकत नाहीत, कारण मैदानावरचा माणूस आणि कागदावरचा माणूस एकच आहे की नाही, हे तेथे पडताळून पाहिले जाते.

एका कारखान्याच्या निवडीस मी एकदा निरीक्षक म्हणून बसलो होतो. गटचर्चेत एक मुलगा सर्वांत मोठ्याने बोलला. बाहेर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर विजय होता. माझ्या कागदावर मात्र ‘तीनदा दुसऱ्याचे वाक्य तोडले’ अशी नोंद होती. त्याच गटातली एक मुलगी अखेरपर्यंत गप्प राहिली. तिच्या समोरच्या कागदावर खर्चाचा सारा हिशेब अचूक मांडलेला होता, पण तो चर्चा संपल्यावर माझ्या दृष्टीस पडला. निरीक्षक दिसलेले आणि ऐकलेलेच लिहू शकतो. त्या मुलीची निवड झाली नाही आणि त्याची रुखरुख मला अजून आहे. आपल्या घरांतून मोठ्यांपुढे न बोलणे हा गुण मानतात. तो गुण तेथे कोऱ्या कागदासारखा दिसतो!

इंग्रजीचे भय हे या मौनाचे दुसरे कारण. ‘खर्च मर्यादेबाहेर जातो, म्हणून दुसरा मार्ग पाहू,’ एवढे सरळ वाक्य मोडक्या इंग्रजीत म्हटले तरी त्याने गट पुढे सरकतो. गप्प बसलेल्या सोबत्याला ‘तुमचे काय मत?’ असे विचारणे हेही काम आहे, आणि त्यासाठी व्याकरण फारसे लागत नाही.

टपालाच्या कामात वेगळी मेख असते. पंधरा-वीस कागद देतात आणि वेळ मुद्दामच अपुरा ठेवतात. पहिल्या कागदाला सुंदर उत्तर लिहीत बसणारा तेथेच बुडतो. आधी सर्व कागद वाचावेत. तळाचा कागद वरच्या कागदाचा अर्थ पुष्कळदा बदलून टाकतो. मग आज काय, उद्या काय, दुसऱ्यावर काय सोपवावे हे ठरवावे, आणि तसे का ठरवले ते एका ओळीत लिहावे.

ही पद्धत निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. एकच गुण निरनिराळ्या कामांत मोजला तर त्याचे गुणांक नीट जुळत नाहीत, उलट एकाच कामातील निरनिराळ्या गुणांचे जुळतात, असे सॅकेट आणि ड्रेहर यांनी 1982 मध्येच दाखवून दिले. उमेदवाराने यातून व्यवहारापुरते इतकेच घ्यावे की, सकाळची चर्चा बिघडली म्हणून दुपार गेली असे नाही. प्रत्येक काम नव्याने मोजले जाते.

सैन्यात जाणाऱ्यांसाठी नाशिक रोड येथे राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे व तेथे शुल्क नाही. कंपनीत जाणाऱ्यांनी तालीम घरच्या घरी करावी. आठ मित्र जमवावेत. सहांनी चर्चा करावी, दोघांनी निरीक्षक व्हावे. विषय दूर शोधावयास नको. पोलाद बाजाराबाहेर उभ्या राहणाऱ्या ट्रकांचे काय करावे, हा घ्या. ठरावीक रक्कम, तीन पर्याय आणि वीस मिनिटांत निर्णय. निरीक्षकांनी ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा लिहू नये. ‘पहिली सहा मिनिटे बोलली नाही’ असे लिहावे. मग जागा बदलाव्यात. बोलणारा एकदा पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसला, की आपल्या बोलण्यातले किती कागदावर उतरते आणि किती वाऱ्यावर जाते, ते त्याला पहिल्याच संध्याकाळी कळते.