आरोपित कर्तृत्व आणि नाममुद्रा : सिप्रियन व नामदेव यांच्या निमित्ताने

कार्थेजचे बिशप सिप्रियन (मृत्यू इ. स. २५८) हे प्राचीन ख्रिस्ती लॅटिन गद्याचे मान्यवर लेखक. त्यांच्या नावावर त्यांनी न लिहिलेले बरेच लेखन परंपरेने जमा केले. हार्टेल यांनी त्यांचे ग्रंथ संपादित केले, तेव्हा १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या भागात या आरोपित रचना वेगळ्या काढाव्या लागल्या. त्यांतील पुनर्बाप्तिस्म्यावरील निबंध तर सिप्रियनांच्याच भूमिकेचे खंडन करतो. तरीही तो त्यांच्या संग्रहात टिकून राहिला.

याहून उद्‌बोधक आहे नोव्हेशियनचे उदाहरण. इ. स. २५० च्या छळात श्रद्धेपासून ढळलेल्यांना पुन्हा संघात घ्यावे की नाही, या वादातून २५१ मध्ये तो रोममध्ये कॉर्नेलियसविरुद्ध प्रतिस्पर्धी बिशप झाला. सिप्रियन कॉर्नेलियसच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेशियन बहिष्कृत ठरला. पुढे त्याचे त्रैक्यविषयक व यहुदी भक्ष्याभक्ष्यविषयक ग्रंथ टर्टुलियनच्या नावाने टिकले, तर खेळतमाशांवरील आणि शुचितेवरील निबंध सिप्रियनांच्या, म्हणजे त्याच्या विरोधकाच्याच नावाने. या दोन्ही निबंधांचा लेखक आपल्या मंडळीपासून दूर राहून तिला उपदेश करतो. अज्ञातवासातून पत्रे लिहिणाऱ्या सिप्रियनांनाही हे वर्णन लागू पडत असल्याने आशयावरून निर्णय होणे कठीण होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शब्दकळा व वाक्यरचना यांच्या तुलनेतून हे निबंध नोव्हेशियनचे ठरवण्यात आले. १९७२ च्या डीर्क्स यांच्या आवृत्तीत ते त्याच्याच ग्रंथांत समाविष्ट आहेत. चुकीच्या नावाने येथे लेखकाला झाकले, पण त्याच्या शब्दांना वाचवलेही.

मराठीत याच्या जवळ जाणारा प्रश्न नामदेवांच्या (१२७०–१३५०) अभंगांचा आहे. सोळाव्या शतकात ओवीबद्ध महाभारत रचणारा विष्णुदास नामा आणि त्याच नावाचे अन्य कवी यांच्या रचना नामदेवांच्या रचनांत मिसळल्या. मात्र दोन्ही परंपरांतील एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. लॅटिन हस्तलिखितात कर्त्याचे नाव शीर्षकात, म्हणजे संहितेच्या बाहेर असते. लेखनिकाने ते बदलले तरी मजकूर अबाधित राहतो. अभंगात नाव अखेरच्या चरणात, संहितेच्या आत असते. शिवाय ‘विष्णुदास’ हे विशेषण कोणताही वैष्णव स्वतःस लावू शकतो. त्यामुळे ‘विष्णुदास नामा’ ही मुद्राही निर्णायक ठरत नाही. त्यातच गायनपरंपरेने जुनी रूपे झिजवली असल्याने शैलीची कसोटीही येथे दुबळी पडते. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथातील नामदेवांच्या ६१ पदांना निदान कालमर्यादा आहे. मौखिक अभंगांना तीही नाही.

बंगळूरूत हा विषय मांडताना कन्नड वचनांचे स्मरण अपरिहार्य आहे. तेथील अंकित बहुधा कवीचे नव्हे, तर त्याच्या आराध्याचे नाव असते. बसवण्णांच्या वचनांतील ‘कूडलसंगमदेव’ हे अंकित बदलून ‘लिंगदेव’ घालणाऱ्या आवृत्तीवर कर्नाटक शासनाने १९९८ मध्ये बंदी घातली व २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मुद्रा हा केवळ संपादकाचा प्रश्न नसून श्रद्धावंतांच्या स्मृतीचाही आहे, हे यावरून दिसते.

तात्पर्य, ‘प्रक्षिप्त’ हा शेरा चिकित्सेचा शेवट नसून आरंभ आहे. एखादी रचना थोर नावापासून वेगळी काढताना ती कोणाची, आणि त्या नावाच्या आश्रयाला का आली, हे विचारणे संपादकाचे कर्तव्य ठरते. ते न विचारता अभंग बाजूला सारला, तर नामदेवांची संहिता शुद्ध होईल. पण एखादा मराठी नोव्हेशियन आपण दुसऱ्यांदा गमावू.