राणीच्या बागेतील हुन्नर

भायखळा स्थानकाच्या पूर्व अंगास उतरून राणीच्या बागेची वाट धरणारा मनुष्य बहुधा मुलाबाळांना वाघ, पाणघोडा आणि अलीकडे पेंग्विन दाखवावयाच्या निमित्ताने निघालेला असतो. आणि त्या लगबगीत बागेच्या दरवाजालगतच उभी असलेली ती भारदस्त इमारत, जिच्यात मुंबई शहराचे सर्वांत जुने संग्रहालय दीडशेहून अधिक वर्षे नांदत आहे, त्याच्या नजरेआड होते. एकेकाळी ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या आणि १ नोव्हेंबर १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणाऱ्या या संग्रहालयात रत्नजडित सिंहासने किंवा प्राचीन देवमूर्ती यांच्या आशेने कोणी जाऊ नये. तेथे मुख्यत्वे पेट्या आहेत, फुलदाण्या व सुरया आहेत, तबके, डब्या, मातीच्या आकृती आहेत. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील आमच्या कारागिरांनी, पुष्कळदा परकीय गिऱ्हाइकाची फर्मास पुरी करण्यासाठी, घडविलेला हा माल आहे. अशा मालाला कलेच्या इतिहासग्रंथांत बाजूची जागा मिळते. माझी श्रद्धा मात्र अशी आहे की त्या काळात या देशाच्या हातावर आणि बुद्धीवर काय प्रसंग गुदरला, आणि त्या प्रसंगातून तो हात कसा तरला, हे समजून घ्यावयाचे असेल तर मोठमोठ्या तैलचित्रांपेक्षा या काचकपाटांपुढे उभे राहणे अधिक फलदायी आहे.

या संग्रहाचा जन्म बाजारपेठेतून झाला. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानच्या कापडाने, धातुकामाने आणि जडावाने युरोपचे डोळे दिपले, आणि हे सर्व कोठे, कोणत्या द्रव्यांतून, कोणत्या दराने तयार होते याची चौकशी सरकारदरबारी सुरू झाली. १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून जे जिन्नस गोळा करण्यात आले, त्यांच्या जोडवस्तू येथे ठेवून घेऊन कोटातील टाउन बॅरॅक्समध्ये सरकारी मध्यवर्ती संग्रहालयाचा प्रारंभ झाला. डॉ. जॉर्ज ब्यूस्ट यांच्या देखरेखीखाली ते जेमतेम मूळ धरते न धरते तोच १८५७ चा वणवा पेटला, बरॅकींत फौजेचा तळ पडला आणि सामानाची दाणादाण उडाली. पुढील वर्षी जॉर्ज बर्डवुड या तरुण डॉक्टराने जे उरले ते सावरून पुन्हा मांडले. संग्रह करण्यामागील सरकारी हेतू कोणता होता हे फोर्ब्स वॉटसन या सरकारी अधिकाऱ्याच्या एका उपक्रमावरून स्पष्ट होते: हिंदी कापडाचे ७०० नमुने प्रत्यक्ष कापून, १८ खंडांत बांधून, त्यांचे २० संच १८६६ च्या सुमारास सिद्ध करण्यात आले, आणि त्यांपैकी १३ संच विलायतेत गेले, जेणेकरून तेथील गिरणीवाल्यांना आमच्या विणकराचा माल पाहून त्याचीच बाजारपेठ काबीज करता यावी.

परंतु संग्रहालयाची इमारत उभी राहिली ती केवळ सरकारच्या इच्छेने नव्हे. नाना शंकरशेट, भाऊ दाजी, डेव्हिड ससून या नागरिकांनी वर्गण्या जमविल्या. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे अमेरिकेतील यादवी संपुष्टात येऊन कापसाचा भाव कोसळला, १८६५ मध्ये शेअरबाजाराचा डोलारा ढासळला, कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर झाले आणि वर्गण्यांचा ओघ आटला; तेव्हा राहिलेले काम सरकारला आपल्या खजिन्यातून पुरे करावे लागले. २ मे १८७२ रोजी दरवाजे लोकांस खुले झाले. आत पाऊल टाकताच ओतीव लोखंडाचे नाजूक स्तंभ, सोनेरी नक्षीचे छत आणि मधोमध ससून यांनी अर्पण केलेला, कला व विज्ञान यांच्या मूर्तींनी वेष्टित असा प्रिन्स आल्बर्टचा पुतळा दिसतो.

भाऊ दाजींविषयी येथे दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्रे गावचा हा मुलगा. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील पदवीधर. रोग्यांचा आधार, संस्कृत ताम्रपट व शिलालेखांचा वाचक, आणि मुंबईच्या शेरीफपदावर विराजमान झालेला पहिला हिंदी गृहस्थ. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे वाचन करून त्यांनी ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापले. संग्रहालय उघडल्यावर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, ते निवर्तले. त्यांच्या नावाच्या या वास्तूत अजिंठा एका अगदी निराळ्या वाटेने येऊन पोहोचला आहे, आणि ती वाट शोधणे हा येथील सर्वांत मोठा आनंद आहे.

तळमजल्यावरील औद्योगिक कलांच्या दालनात मुंबईच्या मातीकामाचे घट व फुलदाण्या मांडलेल्या आहेत. तपकिरी, हिरव्या, निळ्या, पिवळ्या झिलईची ही भांडी जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या छत्राखाली निपजली. १८५७ साली, सर जमशेटजींनी दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीवर उघडलेल्या या शाळेत, १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग हे शिल्पालंकार शिकविण्यास आले, जॉन ग्रिफिथ्स हे चित्रकला शिकविण्यास आले, आणि जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात कुंभारकामाची भट्टी चालू केली. टेरी यांनी सिंधमधून कसबी कुंभार आणविले. तो प्रांत त्या वेळी मुंबई इलाख्यातच मोडत असे आणि तेथील मशिदींच्या व कबरींच्या झिलईदार फरश्यांची परंपरा शतकानुशतकांची होती. त्याच सुमारास, म्हणजे १८७२ पासून १८८५ पर्यंत, ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांची टोळी घेऊन अजिंठ्यास जात आणि ओलसर अंधाऱ्या विहारांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती उतरवीत. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार याच मेहनतीत तयार झाले. त्या प्रतींतील हंस, कमळवेली, मृगांच्या रांगा आणि बौद्ध कथांतील स्त्री-पुरुषांचे घोळके हळूहळू कलाशाळेच्या भट्टीकडे सरकले आणि सिंधी झिलईखाली घटांच्या पोटांवर स्थिरावले.

या घटांकडे केवळ शोभेची भांडी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ग्रिफिथ्स यांच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून चित्रांच्या प्रती केल्या होत्या. त्या लंडनला गेल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या शिष्यांच्या प्रतीही लंडनला गेल्या, आणि त्यांपैकीही पुष्कळ तेथे १८८५ मध्ये लागलेल्या आगीत भस्म झाल्या. अजिंठ्याच्या भिंतींवरचा रंग मात्र सह्याद्रीच्या ओलीत झडतच राहिला. अशा स्थितीत, लंडनच्या सुरक्षित म्हणविल्या जाणाऱ्या कोठारांतून जे गेले त्याचा थोडासा अंश मुंबईत, आगीतूनच पार पडलेल्या मातीवर, टिकून राहिला. या भांड्यांवर शाळेची खूण आढळते, टेरी यांचे नाव ग्रंथांतून वाचावयास मिळते, बर्डवुड यांनी आपल्या १८८० सालच्या हिंदी उद्योगकलांवरील ग्रंथात त्यांची दखल घेतली. पण ज्या सिंधी कुंभाराने झिलईचे प्रमाण साधले आणि ज्या मराठी वा गुजराती पोराने कुंचल्याने कमळाचा देठ वळविला, त्यांची नावे त्या भांड्यांबरोबर येत नाहीत. मला ही गोष्ट दरवेळी सलते.

शेजारीच बिदरी काम आहे. काळ्याभोर पृष्ठभागावर चांदीची वेल उमटलेली पाहून काळा रंग बाहेरून चढविलेला असावा असे वाटते. वस्तुस्थिती अशी की तो धातूच्या अंगातूनच काढलेला असतो. जस्तात थोडेसे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात भांडे ओतावयाचे, कानशीने गुळगुळीत करावयाचे, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करून त्यावर टोकदार सळईने नक्षी रेखावयाची, छिन्नीने त्या रेषा कोरून त्यांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवावयाचा, आणि अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील जुन्या बांधकामाची माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून ते भांडे त्यात तापवावयाचे. तेवढ्याने जस्ताची मिश्रधातू कायमची काळी पडते आणि चांदीला धक्काही लागत नाही. कारागीर ती माती जिभेवर ठेवून पारखतो. बहामनी आणि बरीदशाही दरबारांसाठी हुक्क्यांचे तळ, पानदाने, तस्ते घडविणाऱ्या या घराण्यांना एकोणिसाव्या शतकात दरबारी आश्रय आटल्यावर प्रदर्शनांच्या मागणीप्रमाणे फुलदाण्या आणि तबके करावी लागली. आकार विलायती झाला, तरी काळ्यावर चांदी किती ठेवावी आणि किती काळे मोकळे सोडावे, हा निर्णय मात्र पूर्वीच्याच नजरेने होत राहिला.

सदेली कामाच्या पेट्यांत ही तडजोड अधिकच स्पष्ट दिसते. ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने ज्या विलायतेत खपत, त्या चंदनी पेट्यांवरील बारीक तारकांची जाळी रंगविलेली किंवा एकेक ठिकरी चिकटवून बसविलेली नसते. हस्तिदंत, आबनूस, तांबडे पतंगाचे लाकूड, हिरवे रंगविलेले हाड आणि कथिलाची तार यांच्या त्रिकोणी, षट्कोणी काड्या तासून त्यांची मोळी सरसाने जोडावयाची, आणि ती वाळल्यावर करवतीने तिच्या कागदासारख्या चकत्या पाडावयाच्या. प्रत्येक चकतीवर तोच तारा पुनःपुन्हा अवतरतो. इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरत व मुंबईस आलेला हा हुन्नर पारशी कारागिरांनी विशेष जोपासला. पेट्या मात्र हातमोजे ठेवण्याच्या, भेटपत्रिकांच्या, शिवणसाहित्याच्या. ज्याच्या घरात कोणी कधी हातमोजे घातले नाहीत, अशा माणसाने हातमोज्यांची पेटी किती लांबट असावी हे समजून घेतले, आणि तिच्या झाकणावर आपल्या आजोबांपासून चालत आलेली भूमिती कोरड्या अचूकतेने पसरली, याबद्दल मला त्याच्याविषयी नितांत आदर वाटतो.

कोकण किनाऱ्यावरच्या विजयदुर्ग-रत्नागिरी भागातील शिंगकाम, खोबरेल चोळून व ऊब देऊन मऊ केलेल्या गव्याच्या शिंगातून घडविलेले, तेही नजरेतून निसटू देऊ नये.

विसाव्या शतकाच्या आरंभी संग्रहाचा रोख पालटला. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स आणि त्यांच्यामागून अर्नेस्ट फर्न यांच्या अभिरक्षकपदाच्या काळात मातीच्या लहान आकृती व देखावे मोठ्या प्रमाणावर तयार झाले: निरनिराळे धंदे करणारे लोक, खेळ, जोगी-बैरागी यांची तपे, पारशांच्या दोखम्याची प्रतिकृती आणि मुंबईच्या नाना जातीजमातींची पागोटी. ज्या कारागिराची वस्तू पूर्वी कपाटात होती, तो स्वतःच आता नमुना बनून कपाटात आला. परकीय राज्यकर्त्यांच्या वर्गीकरणाच्या हौसेबद्दल कोणाला कितीही राग येवो, तो रास्तच आहे; पण त्या मस्तकांवरील पागोट्यांचे पीळ ज्या बारकाईने वळविले आहेत, ती बारकाई फक्त हीच पागोटी रोज पाहिलेल्या बोटांची आहे. आज ती बांधणारे हात शहरात शोधून सापडणार नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ही इमारत ओल, धूळ आणि दुर्लक्ष यांनी जर्जर झाली. महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक ही वारसा-संवर्धन संस्था यांच्यात २००३ साली करार होऊन जीर्णोद्धारास आरंभ झाला. स्थापत्यसंवर्धक विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली रंगाचे थर खरवडून मूळ नक्षी उजेडात आणली गेली, छत आणि स्तंभ यांची डागडुजी झाली. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च संवर्धन-पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. तेव्हापासून तास्नीम झकेरिया मेहता यांच्या व्यवस्थापनाखाली सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया अशा आजच्या कलावंतांना या जुन्या वस्तूंच्या सान्निध्यात आपली कृती मांडण्यास बोलावण्यात आले. जुन्या हुन्नराशी आजच्या कलेचा संबंध जोडण्याची ही रीत मला मनापासून पटते. बुधवारी संग्रहालय बंद असते, एवढे ध्यानात ठेवून जावे.

बाहेर पडताना आवारातील दगडी हत्ती पाहिल्यावाचून परतू नये. घारापुरीच्या किनाऱ्यावर शतकानुशतके उभा असलेला आणि ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हाच. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलतेवेळी यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि लंडनची सफर टळली. ते तुकडे राणीच्या बागेत येऊन पडले, आणि १९१४ मध्ये, बर्न्स संग्रहालयाचे अभिरक्षक असताना, ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. जोडांच्या रेषा त्याच्या अंगावर अद्याप दिसतात.