खाऱ्या तरणतलावाचा ताळेबंद

जबलपूरच्या जुन्या वस्तीत, सराफ्याच्या आणि त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक असलेल्या कमानिया गेटच्या आसमंतात, बडा फुहारा या नावाचा जो चौक सर्वतोमुखी आहे, त्याच्या कारंज्याभोवती दुकानांची अशी दाटी आहे की सणासुदीच्या दिवसांत तेथून वाट काढणे दुरापास्त व्हावे. या चौकात उभे राहिले म्हणजे शहराच्या पाण्याचा इतिहास आपोआप मनात जागा होतो. राणी दुर्गावतीचा राणीताल, तिचे दिवाण आधारसिंह कायस्थ यांचा आधारताल आणि तिच्या दासीचा चेरीताल असे लोकपरंपरा सांगते, आणि बावन तालांचे शहर ही जबलपूरची ख्याती अद्याप कायम आहे. पुढे इंग्रजी अमदानीत, राजा गोकुळदास यांच्या द्रव्यसाहाय्याने, खंदारी जलाशयाचे काम तडीस जाऊन १८८३ मध्ये नळाचे पाणी या गल्ल्यांत आले. त्यानंतर परियटचे आणि नर्मदेचेही आले. पाणी आणावे कसे, या प्रश्नाचे उत्तर या नगराने पिढ्यान्‌पिढ्या शोधले. आणलेले पाणी एका जागी, वर्षानुवर्षे, माणसांच्या अंगाशी खेळते ठेवूनही निर्मळ राखावे कसे, हा प्रश्न मात्र त्या मानाने नवा आहे, आणि नव्या वसाहतींच्या व हॉटेलांच्या आवारांत खाऱ्या पाण्याचे तरणतलाव बांधण्याची जी प्रथा आता सर्वत्र पसरते आहे, तिने तो अधिकच निकडीचा केला आहे.

या तलावाविषयी पहिला गैरसमज असा की त्यात समुद्राचे पाणी असते, आणि दुसरा असा की त्यात क्लोरीन नसते. दोन्ही समज निराधार आहेत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर या तलावात लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम मीठ विरघळवलेले असते. जिभेला त्याची चव जेमतेम कळते. आणि क्लोरीन तर त्यात असतेच, कारण हा तलाव मुळात क्लोरीनचाच तलाव आहे. फरक इतकाच, की ते पिंपांतून वा पुड्यांतून विकत न आणता जागच्या जागी तयार केले जाते.

ते तयार करणारे यंत्र आकाराने लहान आणि रचनेने साधे आहे. गाळणीतून बाहेर पडून तलावाकडे परत जाणाऱ्या नळात एक पारदर्शक कोठी बसवलेली असते, तिला या धंद्यात सेल म्हणतात, आणि तिच्या आत टायटेनियमच्या पातळ पट्ट्या एकमेकींशी समांतर उभ्या असतात. नुसत्या टायटेनियमवर हे काम होत नाही. त्यावर रुथेनियम व इरिडियम या दुर्मीळ धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असावा लागतो. असा लेप देण्याची युक्ती हेन्री बीअर या संशोधकाने १९६० च्या दशकात सिद्ध केली, तिने मिठापासून क्लोरीन काढण्याचा अवघा उद्योग पालटून टाकला, आणि पुढे ऑस्ट्रेलियात तिचा घरगुती तरणतलावांत प्रसार झाला. पट्ट्यांतून एकदिश विद्युत्‌प्रवाह सोडला की एका ध्रुवावर क्लोरीन व दुसऱ्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात; क्लोरीन तत्क्षणी पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल बनते आणि जंतूंचा नाश करते. आपले कार्य संपवून ते पुन्हा क्लोराइड होते, म्हणजेच मिठाच्या रूपात परत येते. त्यामुळे या व्यवस्थेत मीठ खर्ची पडत नाही. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते. ते कमी होते ते अंगाबरोबर बाहेर जाणाऱ्या पाण्याने, गाळणी उलट धुताना सोडलेल्या पाण्याने, आणि पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरून वाहू लागला म्हणजे.

यंत्र इतके चोख असताना तोल राखण्याची यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की यंत्र क्लोरीन करते, तोल करत नाही. किंबहुना तो एका बाजूला ढळवण्याचीच त्याची प्रवृत्ती असते. हायड्रोजनचे बुडबुडे पाणी ढवळीत वर येतात आणि पाण्यात विरलेला कर्बवायू आपल्याबरोबर बाहेर नेतात. तो गेला की पाण्याचा सामू, ज्याला सर्वत्र पीएच म्हणतात, हळूहळू चढू लागतो. सामू ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मे हायपोक्लोरस आम्लाच्या, म्हणजे कार्यक्षम, रूपात असते. तोच ८ झाला की हे प्रमाण पाव हिश्शापर्यंत खाली येते. सामूकडे दुर्लक्ष करून केवळ यंत्राचा काटा वाढवीत जाणारा मनुष्य वीज व सेल दोन्ही झिजवतो, आणि पाणी मात्र हिरवट होत राहते.

नव्या तलावात या चढणीला आणखी एक कारण येऊन मिळते, आणि तेथेच खरी कसोटी लागते. पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा, अथवा टाइल्सच्या सांध्यांतील सिमेंट, पाण्याखाली कित्येक दिवस मुरत असते, आणि मुरता मुरता त्यातून चुना पाण्यात उतरत राहतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात सामू झपाट्याने वर जातो व भिंतींवर पांढरी पूड बसते. जाणत्या कारागिरांचा शिरस्ता असा, की पाणी भरावयास आरंभ केला म्हणजे तलाव पूर्ण भरेपर्यंत धार थांबवायची नाही, कारण थांबल्या ठिकाणी भिंतीवर कायमची रेघ उमटते. नळीच्या तोंडाला फडके बांधून ती खोल बाजूला ठेवायची, म्हणजे धारेने कच्चा गिलावा खरवडला जात नाही. दररोज भिंती ब्रशने घासायच्या, पंप अखंड चालवायचा, आणि सामू मोजून थोडे थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल द्यायचे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये. या महिन्यात मीठ घालू नये. गिलाव्याला सुमारे २८ दिवस मिळाल्यावरच ते घालावे, आणि तोवर क्लोरीन बाहेरून, मोजून द्यावे. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून तिच्यासाठी मीठ लवकर ओतण्याची जी घाई होते, तिची किंमत पुढे डागाळलेल्या व खडबडीत झालेल्या भिंतींच्या रूपाने मोजावी लागते.

महिना उलटला की हिशेबाला आरंभ होतो, आणि व्यापाऱ्याने रोजकीर्द लिहावी तसा तो रोजच्या रोज लिहिला तरच उपयोगी पडतो. यात खाती पाच: सामू, अल्कता, कॅल्शियमचे काठिण्य, सायन्युरिक आम्ल आणि मीठ. समजा तलाव दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे; त्यात ७५,००० लिटर पाणी मावते. लिटरमागे ३,२०० मिलिग्रॅम मीठ हवे, तर २४० किलो, म्हणजे पन्नास किलोच्या जवळजवळ पाच गोणी लागतील. ते स्वच्छ, पांढरे आणि आयोडीन न मिसळलेले असावे, कारण मातकट मिठातील लोह पुढे डाग धरते. ते काठाने पसरून ब्रशने विरघळवावे, आणि पूर्ण विरघळेपर्यंत सेल बंद ठेवावा. अल्कता हे सामूला आवर घालणारे खाते आहे. ती कमी असेल तर सामू हेलकावे खातो, फार असेल तर तो सतत वर चढतो. खाऱ्या तलावात ती लिटरमागे ६० ते ८० मिलिग्रॅमच्या आसपास राखणे सोयीचे पडते. या आकाराच्या तलावात ती दहाने वाढवायची तर सव्वा किलो खाण्याचा सोडा पुरतो, आणि दहाने उतरवायची तर बाजारात मिळणाऱ्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे सुमारे दीड लिटर. नर्मदेचे नळाचे पाणी आणि कूपनलिकेचे पाणी यांचे काठिण्य सारखे नसते. म्हणून कोठलाही जिन्नस आणण्यापूर्वी भरावयाचे पाणीच आधी मोजून घ्यावे.

या खात्यांचा परस्परसंबंध १९३६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँगलिअर यांनी एका सूत्रात बांधला. त्यांच्यासमोर तरणतलाव नव्हते, शहरांच्या पाणीपुरवठ्याचे गंजणारे व चुन्याने कोंदणारे नळ होते. सामू, उष्णता, काठिण्य, अल्कता आणि एकंदर विरघळलेले क्षार यांवरून त्यांचा निर्देशांक निघतो. तो शून्याच्या जवळ असला की पाणी चुन्याच्या बाबतीत तृप्त असते. बराच खाली गेला की ते आपली भूक गिलाव्यातून, सांध्यांतील सिमेंटमधून भागवते. बराच वर गेला की चुना भिंतींवर, आणि सर्वांत आधी सेलच्या पट्ट्यांवर, साचतो. जबलपुरात हे ध्यानात ठेवण्याचे विशेष कारण आहे. तलावाच्या काठाला भेडाघाटच्या संगमरवराची फरसबंदी करावी असा मोह येथे स्वाभाविकच होतो, पण हा दगड आम्लाने विरतो, आणि खारे शिंतोडे त्याच्या छिद्रांत वाळून स्फटिक झाले की त्याचे पापुद्रे सुटतात. तो लावायचाच असेल तर सीलरचा लेप द्यावा आणि गोड्या पाण्याने तो नित्य धुवावा. दुसरे कारण हवामान. मे महिन्यातील पाणी आणि जानेवारीतील पाणी यांच्या उष्णतेतील अंतराने हा निर्देशांक सुमारे ०.३ ने खाली येऊ शकतो, आणि पाणी १५ अंशांखाली गेले तर बहुतेक सेल आपले काम आवरते घेतात. उन्हाळ्यात बसवलेला तोल हिवाळ्यात तसाच राहील, अशी अपेक्षा करू नये.

उन्हाळ्याचाही एक स्वतंत्र हिशेब आहे. भर दुपारच्या उन्हात उघड्या पाण्यातील क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होते. सायन्युरिक आम्ल, ज्याला दुकानदार स्टॅबिलायझर म्हणतात, क्लोरीनला धरून ठेवते व उन्हापासून राखते. खाऱ्या तलावात ते ६० ते ८० मिलिग्रॅम असावे अशी बहुतेक यंत्रनिर्मात्यांची शिफारस असते. पण ते क्लोरीनची धारही बोथट करते आणि पाण्यातून सहजासहजी जात नाही; प्रमाण फार वाढले तर काही पाणी काढून नवे भरण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या साऱ्या विद्येचे मर्म शेवटी एका छोट्या पेटीत असते. तलावाच्या मध्यभागी, परतीच्या नळांपासून दूर, कोपरभर खोल हात घालून काचेच्या नळीत पाणी घ्यावे. डीपीडी या परीक्षाद्रव्याची गोळी टाकताच ते गुलाबी होते, आणि त्या गुलाबी छटेच्या गडदपणावरून क्लोरीन कळते. क्लोरीन फारच अधिक असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकून नाहीसा होतो. अननुभवी मनुष्य ती नळी रंगहीन पाहून क्लोरीन संपले असे समजतो आणि आणखी घालतो, म्हणून तो पहिला क्षण डोळ्यांत तेल घालून पाहावा. अल्कतेच्या परीक्षेत हिरवे पाणी थेंबाथेंबाने लाल होते, काठिण्याच्या परीक्षेत लाल पाणी निळे होते, आणि थेंब मोजून आकडा मिळतो. सायन्युरिक आम्लाच्या परीक्षेत पाणी दुधाळ होते व नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतीत जावे लागते. ही पाच मिनिटांची मेहनत आहे; तिला पर्याय नाही.

तलावावर गेल्याबरोबर नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो बहुधा क्लोरीनच्या आधिक्याचा नसतो. घाम व मूत्र यांतील द्रव्यांशी क्लोरीन संयोग पावून क्लोरामाइन होतात, आणि डोळे चुरचुरण्यास तेच मुख्यतः कारणीभूत असतात. तोल सुटलेल्या तलावावरील मुलांचे लाल डोळे पाहून मिठाच्या यंत्राला दोष देण्यापूर्वी, पाण्यात उतरण्याआधी सर्वांनी साबण लावून स्नान केले होते काय, हे विचारावे.

एक जबाबदारी मात्र आवाराच्या भिंतीपलीकडची आहे. या पाण्यात मीठ आहे. ते बागेत सोडले तर झाडे करपतात, आणि नाल्यातून आपल्या उरल्यासुरल्या तालांत गेले तर तेथील जीवसृष्टीला अपाय होतो. गाळणी धुतलेले पाणी मलनिःसारणाच्या वाहिनीतच गेले पाहिजे, आणि बांधकामाच्या नकाशातच त्याची तजवीज केली पाहिजे.

आपल्या देशात तरणतलावाच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे मानक आहे. तरी मानक कागदावर असून भागत नाही. म्हणून ज्यांच्या वसाहतीत असा तलाव होऊ घातला आहे, अशा जबलपुरातील व अन्यत्रच्या वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे, की यंत्र कोणत्या कंपनीचे, हे विचारण्याआधी नोंदवही कोण लिहिणार, हे विचारा. पहिल्या महिन्यात मिठाची घाई करू देऊ नका. आणि सामू व क्लोरीन यांचे त्या दिवसाचे आकडे प्रवेशद्वारावरील फळ्यावर, वेळ घालून, रोज लिहिले जातील असा नियम समितीकडून मंजूर करून घ्या. ज्या दिवशी फळा कोरा असेल, त्या दिवशी मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.